सूड, न्याय आणि ‘बहादूर’ : एक पुनर्वाचन

चित्रकथा हा वाङ्मयसमीक्षेचा विषय होऊ शकतो काय, असा प्रश्न आमच्या काही वाचकांच्या मनात येईल. ज्या पुस्तिका आपण शालेय पुस्तकाआड लपवून वाचल्या आणि सापडल्यावर वडिलांचा मार खाल्ला, त्यांच्यावर एका ख्रिस्ती त्रैमासिकाने पाने का खर्चावीत? आमचे उत्तर साधे आहे. माणसाच्या मनात न्याय आणि सूड यांच्या पहिल्या कल्पना ज्या कथांनी रुजविल्या, त्या कथांकडे प्रौढ वयात एकदा तरी वळून पाहिले पाहिजे. पवित्र शास्त्रातील काइन आणि हाबेल आम्हांला रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात भेटले; परंतु ‘वाईट माणसाला शासन कोणी करायचे?’ या प्रश्नाचे चित्ररूप उत्तर आमच्या पिढीला बहुतांशी ‘इंद्रजाल कॉमिक्स’ने दिले, हे नाकारण्यात अर्थ नाही.

‘टाइम्स ऑफ इंडिया’ समूहाने मार्च 1964 मध्ये मुंबईहून ‘इंद्रजाल कॉमिक्स’ सुरू केले आणि 1990 मध्ये ते बंद पडले. या काळात आठशेच्या वर अंक निघाले. ते इंग्रजीप्रमाणेच मराठी, हिंदी आणि इतर भारतीय भाषांतूनही निघत. आमच्या भंडारा जिल्ह्यात उत्तरेची सीमा मध्य प्रदेशाला भिडलेली असल्यामुळे मराठी अंक मिळाला नाही तर हिंदी अंकावर भागत असे आणि त्यात कोणालाही वावगे वाटत नसे. या अंकांचे नायक प्रामुख्याने परदेशी होते. फँटम आणि मँड्रेक हे दोघेही अमेरिकन लेखक ली फॉक यांचे मानसपुत्र. फँटमच्या गोष्टीत एक गोरा, मुखवटाधारी पुरुष पिढ्यान्‌पिढ्या काळ्या लोकांचे रक्षण करतो. त्या मांडणीत काय खटकण्यासारखे आहे, हे कळण्याचे आमचे तेव्हा वय नव्हते.

1976 मध्ये या मालिकेत एक भारतीय नायक अवतरला. त्याचे नाव बहादूर. त्याचे निर्माते आबिद सुरती यांचा जन्म 1935 साली एका गुजराती मुस्लिम कुटुंबात झाला. गुजराती आणि हिंदीतील कथा-कादंबऱ्यांचे लेखक, चित्रकार आणि व्यंगचित्रकार असा त्यांचा लौकिक होता. ‘धर्मयुग’ या हिंदी साप्ताहिकातील त्यांचे ‘ढब्बूजी’ पुष्कळांना आठवत असतील. बहादूरची चित्रे ‘इंद्रजाल’ची मुखपृष्ठे रंगविणारे गोविंद ब्राह्मणिया यांनी काढली. कालांतराने लेखनाची धुरा जगजीत उप्पल यांच्याकडे गेली. परंतु बहादूरचा नैतिक पाया सुरतींनी घातला, आणि आमचे हे वाचन त्या पायापुरतेच मर्यादित आहे.

तो पाया असा. जयगढच्या परिसरातील एका कुख्यात दरोडेखोराचा बहादूर हा मुलगा. पोलीस अधिकारी विशाल यांच्या हातून त्याचा बाप मारला जातो. पोरका मुलगा बापाच्या मृत्यूचा सूड घेण्याची शपथ घेतो. इथपर्यंतची कथा शेकडो हिंदी चित्रपटांची आहे. परंतु सुरती येथून निराळी वाट धरतात. आपला बाप कोण होता आणि विशाल कोण आहेत, याचे सत्य बहादूरला उमगते. तो शपथ सोडतो आणि ज्या माणसाला मारायचे त्याच्याच खांद्याला खांदा लावून उभा राहतो. पुढे तो गावकऱ्यांची ‘नागरिक सुरक्षा दल’ नावाची संघटना उभारतो आणि ज्या मार्गाने आपला बाप गेला, त्या मार्गाच्या लोकांपासून गावांचे रक्षण करतो. बेला ही त्याची सहकारी; केवळ शोभेची नायिका नव्हे, तीही लढते.

या कथेचे मोल ओळखायचे तर तिचा काळ ध्यानात घ्यावा लागेल. चंबळच्या खोऱ्यात 1960 साली विनोबाजी पायी फिरले आणि काही दरोडेखोरांनी त्यांच्यापुढे शस्त्रे ठेवली. 1972 मध्ये जयप्रकाश नारायणांसमोर तेथील शेकडो दरोडेखोरांनी शरणागती पत्करली. ज्यांच्या नावाने माता लेकरांना भीती घालीत, ते लोक बंदुका ठेवून तुरुंगात जावयास तयार झाले, हे दृश्य या देशाने पाहिले होते. पवनारचा आश्रम आमच्या विदर्भातच असल्याने आम्हांला त्याचे विशेष अप्रूप. दुसऱ्या बाजूस 1975 च्या ऑगस्टमध्ये ‘शोले’ प्रदर्शित झाला. त्यात एक माजी पोलीस अधिकारी आपल्या कुटुंबाच्या हत्येचा सूड घेण्यासाठी दोन भाडोत्री गुन्हेगारांना आणतो. मूळ शेवटात ठाकूर गब्बरला ठार मारतो. सेन्सॉरच्या आग्रहामुळे तो बदलून अखेरच्या क्षणी पोलीस आणले गेले. म्हणजे एकाच दशकात या समाजापुढे दोन वाटा होत्या : शस्त्र खाली ठेवण्याची आणि सूड पुरा करण्याची. ‘शोले’नंतर वर्षभराने आलेल्या ‘बहादूर’ने सुडाच्या कथेचे सर्व साहित्य हाती घेऊन सूड मात्र नाकारला. लहान मुलांच्या पुस्तिकेने हे करावे, ही सामान्य गोष्ट नव्हती.

आणखी एक गोष्ट नोंदण्याजोगी आहे. बहादूरला मुखवटा नाही. अंगात सदरा आणि जीन्स घातलेल्या या तरुणाला गाव नावाने ओळखते. त्याच्याजवळ अमानुष शक्ती नाही, गुहा नाही, शपथेची अंगठी नाही. त्याने कोणावर हात उगारला तर त्याला जाब विचारण्यासाठी त्याचे घर सर्वांना ठाऊक आहे. मुखवट्याचा खरा उपयोग शत्रूपासून लपण्यासाठी कमी आणि उत्तरदायित्वापासून लपण्यासाठी अधिक होतो. या दृष्टीने पाहिल्यास सुरतींनी दलाच्या नावात ‘नागरिक’ हा शब्द घातला, तो केवळ सजावटीसाठी नसावा.

ह्या मुद्द्याचा विचार करताना आम्हांला सातासमुद्रापलीकडील एका चित्रकथेची आठवण होते. योगायोग असा की, ‘इंद्रजाल’चा जन्म झाला त्याच वर्षी, 1964 मध्ये, अमेरिकेत मार्व्हल या प्रकाशनसंस्थेने ‘डेअरडेव्हिल’ नावाचा नायक आणला. तिचा नायक मॅट मरडॉक हा न्यूयॉर्कमधील ‘हेल्स किचन’ या गरीब वस्तीतला मुष्टियोद्ध्याचा मुलगा. एका म्हाताऱ्याला वाहनाखालून वाचविताना त्याची दृष्टी जाते आणि इतर इंद्रिये विलक्षण तीक्ष्ण होतात. ‘तू मारामारी करायची नाहीस, शिकून मोठा व्हायचे’ असे वचन बापाने त्याच्याकडून घेतलेले असते. लढत मुद्दाम हरण्यास नकार दिल्यामुळे गुंड त्या बापाचा खून करतात. मुलगा वकील होऊन वचन पाळतो आणि रात्री मुखवटा चढवून तेच वचन मोडतो. एका माणसाची अशी दोन शकले झालेली आहेत. 2015 पासून ही कथा दूरदर्शनमालिकेच्या रूपाने घरोघरी पोहोचली आणि तिचा नायक पापनिवेदनास बसलेला आमच्या मुलांनी पाहिला. परंतु या व्यक्तिरेखेला खरी खोली दिली ती फ्रँक मिलर या तरुण चित्रकार-लेखकाने. 1979 मध्ये तो या मालिकेची चित्रे काढू लागला, 1981 पासून लेखनही करू लागला आणि 1983 च्या आरंभी त्याने तिचा निरोप घेतला. क्लाउस जॅन्सन हा त्याचा सहकारी चित्रकार. ह्या चार वर्षांच्या कामाची गणना आज चित्रकथांच्या अभिजात कृतींत होते.

मिलरने सूड आणि न्याय यांतील दरी किती बारकाईने रंगविली, हे तीन प्रसंगांवरून दिसते. बुल्सआय नावाचा निर्घृण मारेकरी भुयारी रेल्वेच्या रुळांवर असहाय पडलेला आहे आणि गाडी येत आहे. डेअरडेव्हिलला नुसते स्वस्थ उभे राहावयाचे आहे. तो तसे करीत नाही. मारेकऱ्याला ओढून बाहेर काढतो. एक पोलीस अधिकारी त्याला बजावतो की, हा माणूस सुटला तर आणखी माणसे मारील. पुढे तसेच घडते. 1982 मध्ये तोच बुल्सआय एलेक्ट्राला, म्हणजे मॅटच्या पूर्वीच्या प्रेयसीला, ठार करतो. त्यानंतरच्या झुंजीत बुल्सआय उंचावरून खाली जातो तो नायकाने त्याचा हात सोडल्यामुळे, आणि कायमचा पंगू होतो. आणि मिलरच्या शेवटच्या अंकात नायक इस्पितळात त्या लुळ्या शत्रूच्या पलंगाशी पिस्तूल घेऊन बसतो. एकदा त्याच्यावर, एकदा स्वतःवर असा आळीपाळीने चाप ओढण्याचा तो भीषण खेळ आहे. अखेरीस कळते की पिस्तुलात गोळी नव्हतीच. पण वाचकाच्या मनात प्रश्न शिल्लक राहतो : गोळी नसली तरी हा माणूस रात्री येथे का आला? ज्याने एकदा जीव वाचविला, तोच आता लुळ्या माणसाला मरणभयाने छळतो आहे. मिलरने आपल्या नायकाला निर्दोष ठरवून त्याचा निरोप घेतला नाही, ही त्याच्या लेखनाची सचोटी होय.

1986 मध्ये मिलर परतला आणि डेव्हिड माझुकेली या चित्रकाराच्या साह्याने त्याने सात अंकांची कथा रचली. तिच्या प्रकरणांची नावेच आमच्या धर्मशिक्षणाच्या पुस्तकातून घेतल्यासारखी आहेत : प्रकटीकरण, शुद्धिस्थान, पुनर्जन्म, तारण. मॅटवर कधी काळी प्रेम करणारी कॅरन पेज अमली पदार्थांच्या आहारी गेली आहे. एका मात्रेसाठी ती त्याचे गुपित विकते. त्या गुपिताच्या बळावर गुन्हेगारांचा म्होरक्या त्याची नोकरी, घर, मित्र आणि अखेर मनाचा तोलही हिरावून घेतो. जखमी नायक कोसळतो तेव्हा त्याला उचलणारी व्यक्ती म्हणजे मॅगी नावाची एक धर्मभगिनी. ही त्याची आईच असावी, असे कथा सुचविते. तिच्या मांडीवर विसावलेल्या नायकाचे चित्र पाहताना मिकेलांजेलोच्या ‘पिएता’ची आठवण न होणारा कॅथलिक वाचक विरळा. येथे धर्म उपदेशाच्या रूपाने येत नाही; तो शुश्रूषेच्या रूपाने येतो. आणि बरा झालेला मॅट कॅरनला जवळ घेतो. ज्या घराची राख झाली त्याबद्दल तो तिच्याकडे हिशोब मागत नाही. उधळ्या पुत्राच्या दाखल्यातील बापाने तरी कोठे मागितला होता?

आता दोन्ही कृती शेजारी ठेवून पाहू. कलेच्या कसोटीवर मिलरची कृती निःसंशय सरस आहे. तिच्यात मोहाशी झुंज दिसते, पतन दिसते, परतीच्या वाटेवरील वेदना दिसते. ‘बहादूर’मध्ये मनःपरिवर्तन फार लवकर उरकते. बापावर प्रेम करणाऱ्या मुलाने बापाच्या मारेकऱ्याला स्वीकारावे, यासाठी किती रात्री तळमळून काढाव्या लागल्या असतील, ते चित्रांना सांगावयास उसंत नाही. पुढचा दरोडा वेशीवर येऊन ठेपलेला असतो. दुसरा दोष अधिक गंभीर आहे. बहादूर ज्यांच्याशी लढतो त्या दरोडेखोरांनाही मुले असतील. त्या मुलांचे काय होते, हा प्रश्न आम्ही वाचलेल्या अंकांत कोणी विचारीत नाही. जो स्वतः असा मुलगा होता, त्याला तरी हा प्रश्न पडावयास हवा होता. जुन्या करारात यहेज्केल संदेष्टा बजावतो की, बापाच्या पापाचा भार मुलाने वाहावयाचा नाही. सुरतींनी हे वचन बहादूरपुरते सत्य करून दाखविले. सर्वांपुरते ते विस्तारले नाही.

तरीही एका बाबतीत आमचे मत बहादूरकडे झुकते. मॅट मरडॉक कॅथलिक आहे, त्याच्याभोवती क्रूस आणि धर्मभगिनी आहेत. पण तो क्षमा करतो ती आपल्या प्रिय व्यक्तीला. शत्रूच्या पलंगाशी तो पिस्तूल घेऊन जातो. बहादूरच्या कथेत क्रूस नाही, ख्रिस्ताचे नाव नाही. परंतु तो शत्रूलाच आपला मानतो. प्रभूच्या डोंगरावरील प्रवचनाच्या अधिक जवळ कोण आहे, याचा निर्णय वाचकांनी करावा. आम्हांला मात्र वाटते की, धर्माची चिन्हे कथेत असणे आणि धर्माचे मर्म कथेत असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. आपल्या घराच्या भिंतींनाही ही कसोटी लावून पाहण्यास हरकत नाही.

येथपर्यंतचा विचार पुस्तकाचा झाला. पण आम्ही भंडारा जिल्ह्यातील वाचक आहोत, आणि लोकांनी एकत्र येऊन ‘न्याय’ करावयाचा ठरविला म्हणजे काय घडू शकते, हे आम्हांला चित्रांतून शिकावे लागलेले नाही. 29 सप्टेंबर 2006 रोजी मोहाडी तालुक्यातील खैरलांजी येथे एका दलित कुटुंबातील चौघांची जमावाने हत्या केली. 2008 मध्ये भंडाऱ्याच्या सत्र न्यायालयाने आठ जणांना दोषी ठरविले. तो जमावही गावातल्याच लोकांचा होता. त्यांच्याही तोंडावर मुखवटे नव्हते. त्यापूर्वी 2004 मध्ये शेजारच्या नागपुरात वर्षानुवर्षे वस्तीला छळणाऱ्या एका गुंडाला जमावाने भर न्यायालयात ठार मारले. पोलिसांनी तक्रारी ऐकल्या नाहीत, ही त्या वस्तीची व्यथा होती. पूर्वेकडील छत्तीसगडात 2005 मध्ये नक्षलवाद्यांविरुद्ध ‘सलवा जुडूम’ उभे राहिले. गावातल्या तरुणांच्या हाती शस्त्रे देण्याची ती पद्धत सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये घटनाबाह्य ठरविली. या तिन्ही घटना सारख्या नाहीत. पिडलेल्यांचा उद्रेक आणि दुर्बळांवर तुटून पडणारा जमाव यांना एका तराजूत तोलणे अन्यायाचे होईल. परंतु मुखवटा नसणे एवढ्यानेच उत्तरदायित्व येते, असे आम्ही वर सुचविले होते, ते या घटनांपुढे पुरे पडत नाही, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. जमावात शिरलेल्या माणसाचा चेहरा उघडा असूनही हरवतो. सुरतींच्या जयगढमध्ये नागरिक नेहमी सज्जन असतात आणि संकट नेहमी गावाबाहेरून येते. आमच्या अनुभवात ते पुष्कळदा आतूनच उठते.

ख्रिस्तसभा निर्बलांच्या रक्षणाला विरोध करीत नाही. ज्याच्यावर इतरांच्या जीविताची जबाबदारी आहे, त्याचे ते गंभीर कर्तव्यही ठरते, असे 1992 चा कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथ शिकवितो. परंतु रक्षण आणि सूड यांच्यामध्ये संत पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्रात स्पष्ट रेघ ओढली आहे : सूड ही माणसाची बाब नव्हे, ती देवावर सोपवावी. बहादूरने शपथ मोडली तेव्हा तो या रेघेच्या योग्य बाजूस आला. त्याच्या दलाने ती रेघ सदैव पाळली असती काय, हे चित्रकथा सांगू शकत नाही.

कोणी म्हणेल, बापाच्या मारेकऱ्याला जवळ करणारा मुलगा हा केवळ चित्रकथेतच सापडावयाचा. आमच्याजवळ याला उत्तर आहे, आणि ते आमच्या जिल्ह्याला लागून असलेल्या मध्य प्रदेशातले आहे. उदयनगर परिसरातील आदिवासींना सावकारांच्या पाशातून सोडविण्यासाठी झटणाऱ्या सिस्टर राणी मारिया यांची 25 फेब्रुवारी 1995 रोजी बसमध्ये भोसकून हत्या झाली. त्यांच्या धाकट्या भगिनी सिस्टर सेल्मी पॉल यांनी तुरुंगात जाऊन मारेकऱ्याला राखी बांधली. सुटकेनंतर तो केरळात त्यांच्या घरी गेला आणि त्याने वृद्ध मातेची क्षमा मागितली. त्या माउलीने त्याला लेकरासारखे घरात घेतले. 4 नोव्हेंबर 2017 रोजी इंदूर येथे राणी मारियांना ‘धन्य’ घोषित करण्यात आले. जयगढच्या मुलाची गोष्ट ज्यांना भाबडी वाटते, त्यांनी ही गोष्ट तिच्या शेजारी ठेवून पाहावी.

शेवटी निर्मात्याविषयी दोन शब्द. 2007 मध्ये, वयाची सत्तरी ओलांडल्यानंतर, आबिद सुरतींनी मुंबईजवळच्या मीरा रोड येथे ‘ड्रॉप डेड’ नावाची संस्था काढली. दर रविवारी एक प्लंबर आणि एक स्वयंसेविका बरोबर घेऊन ते इमारतींतून दारोदार फिरत आणि गळके नळ फुकट दुरुस्त करून देत. पाण्याचा थेंब वाया जाऊ नये, एवढाच हेतू. बहादूरच्या नागरिक सुरक्षा दलाचे हे बंदूक नसलेले रूप होय, असे आम्हांला वाटते. तीन माणसे, एक पाना, आणि ज्याच्या दारात जायचे त्याची परवानगी.

पालकांना आमची विनंती इतकीच आहे. मुलांच्या हातून अशा पुस्तिका हिसकावून घेऊ नका. त्यांच्याबरोबर बसून त्या वाचा आणि वाचून झाल्यावर एक प्रश्न विचारा : या नायकाने मारले ते वाचविण्यासाठी की सूड उगविण्यासाठी? मूल काय उत्तर देते ते शांतपणे ऐका. मग तोच प्रश्न, संध्याकाळच्या प्रार्थनेपूर्वी, आपण आपल्यालाही विचारू. भावकीतले जुने वैर, बांधावरून तुटलेले बोलणे, धर्मग्रामातील रुसवे यांपैकी कोणती शपथ आपण अजून मोडलेली नाही, ते त्या उत्तरातून कळेल.